शालीतला हात

फोर्ड मॅडॉक्स ब्राउन या इंग्रज चित्रकाराच्या 'द लास्ट ऑफ इंग्लंड' या चित्रात स्वदेशाचा निरोप घेऊन निघालेले एक जोडपे जहाजाच्या कठड्याशी बसलेले आहे. डोव्हरचे पांढरे कडे त्यांच्या पाठीमागे दूर दूर चालले आहेत, आणि दोघांपैकी एकालाही मान वळवून ते पाहण्याची इच्छा नाही. कठड्याच्या जाळीला लांबच्या प्रवासाची तजवीज म्हणून कोबीचे गड्डे टांगलेले आहेत. मागे कोणी एक उडाणटप्पू मायभूमीला मूठ उगारून दाखवीत आहे. आणि बाईच्या शालीच्या घडीतून तान्ह्या मुलाचा हात तेवढा बाहेर आला आहे. मूल दिसत नाही. या चित्राची प्रतिकृती जितक्या वेळा हाती येते तितक्या वेळा माझी दृष्टी त्या दोन उदास चेहऱ्यांवरून घसरून या हातावर येऊन थांबते.

चित्राचे निमित्त प्रत्यक्षातले होते. ब्राउनचा मित्र, शिल्पकार टॉमस वुलनर, 1852 च्या जुलैत ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या खाणींकडे निघाला, आणि त्याला निरोप देताना ब्राउनला हा विषय सुचला. त्या एका वर्षात ब्रिटन व आयर्लंड मिळून साडेतीन लाखांहून अधिक माणसे परदेशी गेली. कोणाला आयर्लंडच्या दुष्काळाने हुसकले होते, कोणाला स्कॉटलंडच्या जमीनदाराने मेंढ्यांची कुरणे करण्यासाठी वहिवाटीच्या शेतावरून उठविले होते, आणि कोणाला नुसत्या सोन्याच्या वार्तेने वेडे केले होते.

एवढ्या माणसांची मोजदाद सरकारदरबारी कशी होई, हे पाहिले म्हणजे त्या शालीतल्या हाताचा अर्थ अधिक खोल होतो. 1840 साली लंडनमध्ये वसाहतींच्या जमिनी व स्थलांतर यांचा कारभार पाहणारे एक आयुक्त मंडळ नेमण्यात आले. सरकारी खर्चाने ऑस्ट्रेलियास जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांचे अर्ज मंजूर वा नामंजूर करणे हे त्याचे एक मुख्य काम. आणि ज्या घरी लहान मुले फार, त्या घराकडे मंडळ नाखुशीने पाही. वसाहतीला हवे होते ते राबणारे हात. जहाजावरची जागा व शिधा ज्या मापाने ठरे ते 'कायद्याने प्रौढ' माणसाचे माप. ठराविक वयाखालची दोन मुले मिळून असा एक प्रौढ होई, आणि वर्षाच्या आतले बाळ हिशेबात धरलेच जात नसे. कुटुंबे जहाजाच्या मधल्या भागात, एकटे पुरुष पुढे आणि एकट्या स्त्रिया मागे, अशी व्यवस्था असल्यामुळे मिसरूड फुटू लागलेला मुलगा आईबापांजवळून उठून ब्रह्मचाऱ्यांच्या पंक्तीत जाई. घर मोडण्यास परदेश गाठावा लागत नसे; जहाजाची लांबीच त्यास पुरी होई. जहाजावरच्या डॉक्टराला मोबदला मिळे तो जिवंत उतरविलेल्या माणसांच्या संख्येवर. हा करार निर्दय वाटतो खरा, पण त्या कारभारात मला दिसणारी शहाणपणाची बाब हीच. तरीही 1852 साली 'टिकॉन्डरोगा' या जहाजावर सुमारे आठशे प्रवाशांपैकी शंभरांच्या आसपास माणसे समुद्रावरच दगावली, आणि बंदराला लागल्यावरही विलगीकरणात मृत्यू चालूच राहिले.

ब्राउनने आपले जोडपे मुद्दाम मध्यमवर्गातले घेतले होते. शिक्षणाने व सुसंस्कृततेने ज्यांना आपण काय गमावतो ते उमजते, त्यांची व्यथा अधिक, असा त्याचा अभिप्राय होता. येथे मला त्याच्याशी सहमत होता येत नाही. ज्याला गेलिकखेरीज दुसरी भाषा येत नव्हती त्या स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील कुणब्याचे शेत, त्याची स्मशानभूमी आणि त्याचे शब्द ही एकाच मातीची होती. ती माती सुटल्यावर त्याचे काय गेले हे सांगण्यापुरतेही शब्द पुढे त्याच्या नातवंडांजवळ उरले नसतील. गावी पाठविलेले पत्र पोहोचण्यास तीन-चार महिने, उत्तर येण्यास तितकेच. जन्मलेले मूल मृत्यू पावल्यावरही आजीचे आशीर्वाद त्याच्या नावाने येत.

याच मंडळाच्या देखरेखीखाली हिंदुस्थानातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर मजूर जात होते, आणि त्यांत मुंबई बंदरातून निघालेली कोकणी मराठी माणसेही होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावर त्यांचे नाव, गाव आणि अनुक्रमांक दप्तरात रुजू होत असे. त्यांचे प्रयाण गिरमिटाने, म्हणजे मजुरीच्या कराराने, बांधलेले, ब्राउनच्या जोडप्याचे स्वखुशीचे. या दोहोंना एका तराजूत घालण्याचा मोह मी टाळतो. एवढे मात्र खरे की, तेथील त्यांचे वंशज आजही गणपती समुद्रात पोहोचवितात, आणि तो समुद्र कोकणच्या किनाऱ्यापर्यंतचा एकच आहे.

वुलनरला फारसे सोने मिळाले नाही. तो 1854 मध्ये परतला. ब्राउनही त्या हलाखीच्या दिवसांत हिंदुस्थानात जाण्याचा विचार करीत होता, पण गेला नाही. चित्रातले पती-पत्नी म्हणजे तो स्वतः आणि त्याची बायको एमा, आणि शालीतले बाळ म्हणजे त्यांचा मुलगा ऑलिव्हर, असे मानतात. हा ऑलिव्हर पुढे 1874 साली, विसाव्या वर्षाच्या आत, इंग्लंडातच वारला. चित्रात मात्र तो अजून निघालेलाच आहे. आईचा हातमोजा घातलेला हात नवऱ्याच्या हातात आहे, आणि दुसरा, उघडा, त्या चिमुकल्या बोटांवर.