आजचं चिंतन: धावून थकलेल्या जिवाचं काय?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक १८.

भावार्थ: विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने सगळ्यात खाली लोटलेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी पुरुष सारख्याच दृष्टीने बघतो.

हा श्लोक आपल्याला पटकन आवडतो. कुत्र्यातही देव आहे म्हणायला आपलं काय जातंय? पण हीच समदृष्टी रात्री अडीच वाजता उठून ओलं झालेलं अंथरूण बदलायला लावते, तेव्हा श्लोकाचा खरा अर्थ सुरू होतो. आज हे लिहायचं कारण म्हणजे मँचेस्टरला राहणाऱ्या एका वाचक ताईंचा मेसेज. त्यांच्या घरी रेसमधून निवृत्त झालेला ग्रेहाऊंड आहे, वय ११. मागचे पाय लटपटतात आणि आता पुढच्या पायात हाडाचा कॅन्सर निघालाय. डॉक्टर म्हणाले, त्याला शांतपणे झोपवायचा विचार करा. साताऱ्याहून आई फोनवर म्हणाली, "पाप लागेल बाई, त्याचं प्रारब्ध त्याला भोगू दे." ताईंनी विचारलंय, "दादा, गीता काय सांगते?"

प्रश्न सोपा नाही. म्हणून आधी हा प्राणी नीट बघू या.

ग्रेहाऊंड म्हणजे लांब पायांचा, बारीक कमरेचा, ताशी ६० ते ७० किलोमीटर वेगाने पळणारा कुत्रा. १९१९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल इथे यांत्रिक सशामागे कुत्रे पळवायचा ट्रॅक सुरू झाला. १९२६ मध्ये तोच खेळ इंग्लंडमध्ये आला, मँचेस्टरच्याच बेल व्ह्यू मैदानावर. पुढे त्याचा मोठा धंदा झाला. ब्रिटनमध्ये धावणारे बहुतेक ग्रेहाऊंड आयर्लंडमध्ये जन्मलेले असतात आणि ओळख पटावी म्हणून त्यांच्या दोन्ही कानांत अक्षरं गोंदलेली असतात. धावण्याचं करिअर चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत संपतं, बऱ्याचदा त्याआधीच. आयुष्य मात्र साधारण १० ते १३ वर्षांचं. म्हणजे 'उपयोग' संपल्यावरही अर्ध्याहून जास्त आयुष्य शिल्लक असतं. त्या उरलेल्या आयुष्याचं करायचं काय, हा प्रश्न त्या देशांनाही टोचला. अनेक ठिकाणी दत्तक देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. अमेरिकेत फ्लोरिडाच्या मतदारांनी तर २०१८ मध्ये या शर्यती बंद करायचा कौल दिला आणि २०२० च्या अखेरीस तिथले ट्रॅक थांबले.

आपल्याकडेही उपयोग संपलेल्या जिवांचा विचार झालाय. १८३२ मध्ये मुंबईत ब्रिटिशांनी रस्त्यावरचे कुत्रे मारायची मोहीम काढली, तेव्हा पारशी लोक आणि त्यांच्यासोबत इतरही रस्त्यावर उतरले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. दूध न देणाऱ्या, गाडी न ओढणाऱ्या, कुणाच्याच कामाच्या नसलेल्या प्राण्यांना जागा देणारी ही कल्पना आपल्या शहराच्या पोटात कधीपासून आहे.

गीतेच्या १७ व्या अध्यायात (श्लोक २०) सात्त्विक दानाची एक खूण सांगितली आहे: जो परतफेड करू शकत नाही त्याला दिलेलं दान. त्याला 'अनुपकारी' असा शब्द आहे. आता बघा ना, म्हातारा ग्रेहाऊंड रेस जिंकून देणार नाही. घराची राखणही करणार नाही, तो स्वभावच त्याचा नाही. तुमच्या स्टोरीवर टाकायला त्याचं गोंडस पिल्लूपणही उरलेलं नाही. त्याची सेवा म्हणजे शुद्ध देणं.

पण सेवा म्हणजे नुसता कनवाळूपणा नाही, नीट बघणं. ग्रेहाऊंडच्या अंगावर चरबी फार कमी आणि कातडी पातळ. फरशीवर झोपला तर कोपरं-खुब्यांना जखमा होतात, म्हणून जाड गादी. थंडीत अंगावर कोट. गुळगुळीत लाकडी जमिनीवर मागचे पाय फाकतात आणि एकदा पडला की तो चालायलाच घाबरतो, म्हणून बिछान्यापासून दारापर्यंत सतरंज्या किंवा योगा मॅट टाकायच्या. गाडीत चढायला उतरण. उभं राहताना आधार द्यायला पोटाखालून धरता येणारा हार्नेस. एक लांब फेरी मारण्यापेक्षा चार छोट्या बऱ्या.

या जातीत पंज्याच्या गादीला कुरूप होणं फार दिसतं. डांबरी रस्त्यावर लंगडतो आणि गवतावर बरा चालतो, तर पंजा उलटून बघा. कमरेच्या शेवटच्या मणक्यांत नसा दबल्या की मागचे पाय कमजोर होतात, कधी लघवी-शीवरचा ताबा जातो. जुन्या रेसमधली दुखापत म्हातारपणी संधिवात बनून परत येते. आणि हाडाचा कॅन्सर या जातीत इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. म्हणून 'वय झालं, लंगडणारच' म्हणून सोडून द्यायचं नाही, एक्स-रे काढायचा. आपल्या डब्यातल्या दुखण्यावरच्या गोळ्या तर कधीच द्यायच्या नाहीत, माणसांची औषधं कुत्र्यांना विषारी ठरू शकतात.

नामदेव महाराजांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय. कुत्रा भाकरी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी कशी खाशील रे म्हणून. (आज व्हेट म्हणतील, तूप नको, पचायचं नाही! आपण भाव घ्यायचा.) भाकरी गेली हे नामदेवांना दिसलंच नाही, समोरच्याला काय कमी पडतंय ते दिसलं. माझ्या मते समदृष्टीचा रोजच्या जगण्यातला अर्थ हाच आहे.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात पांडव हिमालयाकडे निघतात आणि हस्तिनापूरहून एक कुत्रा मागे लागतो. वाटेत द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. उरतात युधिष्ठिर आणि कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो, कुत्र्याला सोड आणि चढ. युधिष्ठिर नाही म्हणतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण पुढचा संवाद आपण वाचत नाही. इंद्र बोचरा प्रश्न विचारतो: भावांना आणि बायकोला वाटेत सोडलंस, मग कुत्र्यालाच का नाही सोडत? युधिष्ठिराचं उत्तर असं की, ते मेले होते, त्यांना परत जिवंत करणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत असताना मी त्यांना सोडलेलं नाही.

हे उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. मृत्यू टाळणं युधिष्ठिराने आपलं कर्तव्य मानलं नाही, तसा दावाही केला नाही. जिवंत आहे तोवर साथ न सोडणं एवढंच त्याने आपलं मानलं.

मग 'सोडणं' म्हणजे काय? मला दोन प्रकार दिसतात. एक, लवकर सोडणं. पाय लटपटले, कार्पेट खराब होतंय, सुट्टीला जाता येत नाही, खर्च वाढलाय, म्हणून 'बिचाऱ्याला त्रास नको' म्हणत सुईचा निर्णय घेणं. तिथे त्रास आपला असतो आणि नाव त्याचं लावलेलं असतं. चालता येत नाही हे मरायचं कारण नाही. त्यावर सतरंजी आहे, हार्नेस आहे, औषध आहे, आपले दोन हात आहेत.

दुसरा प्रकार मात्र प्रेमासारखा दिसतो. वेदना आवरत नाहीत, खाणं सुटलंय, कॅन्सरने पोकळ झालेलं हाड केव्हाही मोडेल, आणि आपण त्याला धरून ठेवतो, कारण त्याच्याशिवायचं घर आपल्याला सोसणार नाही. किंवा पाप आपल्या खात्यात नको म्हणून. शरीर धरून ठेवलं, पण जीव एकटाच वेदनेत सोडला. मला तर हेही सोडणंच वाटतं. रेसवाल्यांना त्याचे फक्त पाय दिसले, आणि इथे आपल्याला फक्त आपलं दुःख किंवा आपलं पुण्य दिसतं. दोन्हीकडे कुत्रा दिसतच नाही.

'प्रारब्ध भोगू दे' याबद्दल स्पष्ट बोलतो. आपलं डोकं दुखलं की आपण प्रारब्ध म्हणून बसत नाही, गोळी घेतो. आईवडिलांना ताप आला तर डॉक्टरकडे नेतो. मग प्रारब्धाचा नियम फक्त मुक्या जिवालाच का? त्याच्या वाट्याला तुमच्यासारखं घर आलं, हेही त्याचं प्रारब्धच म्हणायला हवं ना!

१९२८ मध्ये साबरमती आश्रमात हाच प्रश्न उभा राहिला होता. एक वासरू असह्य वेदनेत होतं, बरं व्हायची आशा नव्हती. गांधीजींनी सहकाऱ्यांशी चर्चा केली आणि डॉक्टरकरवी इंजेक्शन देऊन त्याचा अंत केला. अहिंसेचा पुजारी आणि गाईचं वासरू! देशभरातून संतापाची पत्रं आली. गांधीजींनी ते लपवलं नाही, जाहीर लिहून बाजू मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हिंसा हेतूवरून ठरते. स्वार्थाने किंवा रागाने दिलेली पीडा हिंसा आहे, दुसरा कोणताही उपाय उरला नसताना केवळ त्या जिवाच्या वेदनेसाठी केलेली कृती तशी नाही. अनेकांना हे तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. ज्यांना पटत नाही त्यांच्या श्रद्धेचा मी आदर करतो. वेदनाशामक औषधं देत, जवळ बसून नैसर्गिक शेवटाची वाट बघणं हाही मार्ग आहे, पण त्यात वेदना खरंच आवरलेली हवी. नुसती वाट बघणं ही सेवा नाही.

ताई, म्हणून तुमच्या प्रश्नाला माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर असं: गीता इथे 'हो' किंवा 'नाही' असा शिक्का मारून देत नाही. ती विचारते, तू कुणासाठी करतोयस? डॉ. अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी अशा वेळी बघायच्या सात गोष्टी सांगितल्या आहेत: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. कॅलेंडरवर रोज एक खूण करा. वेदना आटोक्यात असेल आणि तुम्हाला बघून त्याची शेपटी हलत असेल, तर घाई नको. खुणा सलग वाईट येऊ लागल्या आणि डॉक्टरही सांगतायत की आता औषध पोचत नाही, तर त्याला मुक्त करणं हे युधिष्ठिराच्या वचनाविरुद्ध आहे असं मला वाटत नाही. फक्त त्या वेळी खोलीबाहेर जाऊ नका. डोकं मांडीवर घ्या, कानाशी नाम घ्या. जिवंत असेपर्यंत सोडलं नाही, म्हणजे तेव्हाही सोडायचं नाही.

आणि आईंवर रागावू नका. त्या त्यांच्या जागेवरून दयाच सांगतायत. त्यांना व्हिडिओ कॉलवर तो कसा उठतो, कसा धापा टाकतो ते दाखवा. डोळ्यांनी बघितलं की आयांची मतं आपोआप मऊ होतात.

बाकी मंडळी, तुमच्या घरी ग्रेहाऊंड नसेल. पण सोसायटीच्या गेटवर एखादा म्हातारा मोती असेलच. घरात व्हिट्रिफाईड टाइल्सवर घसरणारा लॅब्रेडॉर असेल. आणि कदाचित आतल्या खोलीत, 'आता काही कामाचे नाहीत' असं ज्यांच्याबद्दल आपण मनातल्या मनात ठरवून टाकलंय, असे कुणी आजोबाही असतील.

आजचा संकल्प: ज्याच्याकडून मला काहीच परत मिळणार नाही, अशा एका थकलेल्या जिवापाशी आज दहा मिनिटं बसेन. मोबाइल बाजूला ठेवून. त्याला काय दुखतंय, काय हवंय, ते त्याच्याकडे बघून समजून घेईन.

आणि बसल्या बसल्या नाम घ्या.

राम कृष्ण हरी.