तसवीर आणि गवाही

आमच्या उर्दू शाळेतला मुलगा फोटोग्राफी शिकायचं म्हणाला, की घरात दोन प्रश्न उठतात : हे जायज आहे का? यावर पोट भरेल का? तिसरा प्रश्न राहूनच जातो : दुसऱ्याच्या दुःखावर कॅमेरा रोखण्याचा हक्क कुठून येतो?

दानिश सिद्दीकी दिल्लीच्या जामियात जनसंवाद शिकले, २०१० साली रॉयटर्समध्ये उमेदवारीला लागले. सप्टेंबर २०१७ मध्ये बांगलादेशच्या किनाऱ्यावर उतरून थकल्या हाताने जमिनीला स्पर्श करणारी रोहिंग्या स्त्री त्यांनी टिपली. पुढच्याच वर्षी रॉयटर्सच्या चमूला पुलित्झर मिळालं. १६ जुलै २०२१ रोजी ते अफगाणिस्तानात मारले गेले.

तंत्र विद्यापीठात शिकता येतं. हक्क मिळतो तो खरी गवाही देण्याच्या जबाबदारीतून. गवाही लपवणं आपण गुनाह मानतो. मग मुलाला एवढंच विचारावं : बाळा, तू कुणाची गवाही देणार?