नांव देण्याचा अधिकार

न पाहिलेलें पाहिलें म्हणून सांगणें हें असत्य होय, याविषयीं कोणाचें दुमत नाहीं. परंतु जें पाहिलें त्याला खात्री नसतांना नांव देणें हेंहि असत्यच कीं काय? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत क्वचित् आढळतो. समुद्रकांठीं पाखरें पाहणाऱ्यास मात्र तो पावलोपावलीं आडवा येतो.

हिवाळ्यांत कोंकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं उभें राहावें. लांब, खालीं वळलेली चोच चिखलांत खुपसून किडे व खेकडे शोधणारा एक करड्या-तपकिरी रंगाचा पक्षी दिसतो. त्याला इंग्रजींत कर्ल्यू म्हणतात. त्याचा धाकटा भाऊ शोभेल असा व्हिंब्रेल त्याच चिखलांत वावरतो. व्हिंब्रेलची चोच आंखूड व माथ्यावर काळसर पट्टे, एवढें पुस्तकांत वाचलें कीं आम्हांस वाटतें, आतां चूक होणें नाहीं. पण ऊन समोरून येत असतें, पक्षी पाठमोरा असतो, आणि कोवळ्या वयाच्या कर्ल्यूची चोचहि आंखूडच असते. सोबती विचारतो, 'कोणता हो?' आणि 'कळलें नाहीं' म्हणण्याची लाज वाटून आम्ही एक नांव ठोकून देतों.

ही लहानशी लाज किती दूर जाते, याचा दाखला त्याच कुळांतील तिसऱ्या पक्ष्याच्या इतिहासांत आहे. बारीक चोचीचा कर्ल्यू सायबीरियांत वीण करी व हिवाळ्यांत भूमध्य समुद्राच्या आसमंतांत उतरे. शिकारीमुळें व पाणथळ जागा नाहींशा झाल्यामुळें तो विरळ होत गेला. १९९५ सालीं मोरोक्कोच्या किनाऱ्यावर, मेर्जा झेर्गा येथील खाजणांत दिसला तो निर्विवाद असा शेवटचा. त्यानंतरहि तो दिसल्याचीं वृत्तें येतच राहिलीं. १९९८ सालीं इंग्लंडांत ड्रुरिज उपसागरावर दिसलेल्या पक्ष्यास तर जाणत्या मंडळींनीं मान्यताहि दिली. पुढें पुरावा पुन्हा तपासून ती मागें घेण्यांत आली. अखेर २०२५ सालीं ही जात नामशेष झाल्याचें जाहीर झालें. पण तिचा शेवटचा पक्षी कोणत्या वर्षीं गेला, हें कोणासच सांगतां येत नाहीं. इतक्या डळमळीत साक्षींच्या गर्दींत तो दिवस हरवून गेला.

यावर कोणी म्हणेल, 'मग सर्वच साक्षी फेटाळाव्या.' आम्हांस तेंहि मान्य नाहीं. सर्वांवर अविश्वास ठेवणाऱ्यापुढें खराखुरा शेवटचा पक्षी येऊन उभा राहिला, तरी त्याच्या रक्षणाची वेळ तशीच टळून जाईल. म्हणून पाहणें आणि अनुमान करणें हीं दोन निरनिराळीं लिहावीं, हाच आम्हांस सन्मार्ग दिसतो. चोच केवढी, माथा कसा, उडतांना शेपटीचा रंग कोणता, हें दिसलें तसें लिहावें. खात्री नसेल तर नांवाची जागा कोरी ठेवावी. दुसरा कोणी जाणता पुढें ती भरील.

दर जानेवारींत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी-गणनेंत आपल्याकडील हौशी लोकहि १९८७ पासून भाग घेत आले आहेत. कोणती जात घटते आहे, हें ठरण्यास अशाच वह्यांचा आधार लागतो. आणि आपल्या चिखलांत चरणारा तो नेहमींचा कर्ल्यूहि आज धोक्याच्या उंबरठ्यावर गणला जातो. तेव्हां आमच्या वहींतील कोरी जागा पाहून सोबती हंसला, तर त्याला हंसूं द्यावें. त्या पक्ष्याशीं तरी आम्ही खोटें वागलों नाहीं.