ऐकून घ्यायला किती वेळ लागतो?

गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शीकडे गेलात तर काही गावांत घराघरांत बंगाली ऐकू येते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारनेच इथे वसवलं, तेव्हा हा सगळा चांदा जिल्हा होता. जीव घेऊन पळालेल्या माणसाकडे कागद असतोच असं नाही. आधी कागद मागितला असता तर ही गावं वसली असती का?

आता २०२५ चा जून आठवा. मुंबई परिसरात पकडलेल्या काही बंगालीभाषक मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकललं गेलं. ते पश्चिम बंगालचे, म्हणजे भारतीयच निघाले. त्यांना परत आणावं लागलं.

सीमा राखणं हे सरकारचं कामच आहे. पण १९४६ च्या कायद्यापासून आपण परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी संशयितावरच आहे. २०२५ च्या नव्या कायद्यातही ती तशीच राहिली. जबाबदारी त्याची असेल, तर निदान वेळ तरी त्याला मिळायला हवा. गावाकडून दाखला मागवायलाही काही दिवस लागतात.

चुका सगळ्याच सरकारांकडून होतात. मात्र ज्याच्या बाबतीत चूक झाली, तोच सीमेपलीकडे असेल, तर ती सांगणार कोण?