चूक, अपराध आणि चौकशी

मोठी दुर्घटना घडली की सर्वप्रथम विचारला जातो तो ‘दोष कोणाचा?’ हा प्रश्न. ‘असे का घडले?’ हा प्रश्न त्याच्या मागून येतो. पुष्कळदा येतही नाही. वरकरणी दोन्ही प्रश्न एकच भासतात. परंतु पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसरा विचारण्याची निकड कोणास उरत नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे किती अवघड आणि किती अगत्याचे आहे, हे ऑस्ट्रेलियातील एका जुन्या जहाजफुटीच्या चौकशीवरून ध्यानात येते.

‘डनबार’ हे इंग्लंडहून उतारू व माल घेऊन सिडनीस जाणारे शिडाचे व्यापारी जहाज. प्लिमथ सोडल्यानंतर ८१ दिवसांनी, २० ऑगस्ट १८५७ च्या रात्री ते सिडनी बंदरासमोर आले. पाऊस मुसळधार होता आणि वारा किनाऱ्याकडे लोटणारा होता. बंदराच्या मुखाच्या दक्षिणेस, उंच कड्यावर, मॅक्वारी दीपगृह होते. परंतु प्रत्यक्ष मुख नेमके कोठे आहे हे दाखविणारा दिवा टोकाशी नव्हता. कप्तान जेम्स ग्रीन या बंदरात पूर्वीही आलेले अनुभवी गृहस्थ. त्यांनी आत शिरण्याचा निर्णय घेतला आणि जहाज मुखाच्या दक्षिणेकडील कड्यावर आदळून फुटले. जहाजावरील १२२ जणांपैकी १२१ जण गेले. जेम्स जॉन्सन नावाचा एकच खलाशी कड्याच्या कपारीत सुमारे दीड दिवस तग धरून राहिला. त्याला दोराने वर ओढून घेण्यात आले. मृतांमध्ये सिडनीतीलच अनेक कुटुंबांची, घरी परतणारी माणसे होती. अंत्ययात्रेस हजारो लोक रस्त्यावर उभे राहिले.

कॉरोनर व ज्यूरी यांच्यासमोर चौकशी झाली, तेव्हा जहाजावरील साक्षीदार एकटा जॉन्सन. कोणती शिडे उभारलेली होती, आरडाओरडा केव्हा झाला, हे तो सांगू शकत होता. कप्तानाच्या मनात काय होते, हे तो कोठून सांगणार? ‘गॅप’ नावाच्या कड्यातील खिंडीलाच कप्तानाने मुख मानले असावे, असे अनेकांनी म्हटले. पण तो तर्कच राहिला. ज्याला विचारायचे तो समुद्राने गिळला होता.

ज्यूरीने निर्णय दिला तो असा : अशा हवेत रात्री जहाज किनाऱ्याच्या इतके जवळ आणण्यात निर्णयाची चूक झाली असू शकेल, तथापि कप्तान व अधिकारी यांच्यावर ठपका ठेवता येत नाही.

१२१ जीव गेले आणि दोषी कोणीच नाही? हा निर्णय म्हणजे पळवाट तर नव्हे? अशी शंका साहजिक आहे. तिचा विचार करताना विल्यम किंग्डन क्लिफर्ड या इंग्रज तत्त्वचिंतकाचा १८७७ सालचा ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ हा निबंध आठवतो. त्यात एक जहाजमालक आहे. जुन्या जहाजाच्या सुस्थितीविषयी त्याला शंका येते. पण एवढ्या सफरी निर्विघ्न पार पडल्या, हीही पडेल, असे म्हणत तो ईश्वरावर हवाला टाकतो आणि जहाज उतारूंसह बुडते. क्लिफर्डचे म्हणणे असे की, त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी तो अपराधीच. कारण पुराव्याची छाननी न करता तसा विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. जहाज सुखरूप परतले असते तरी त्याचा अपराध तसूभरही कमी झाला नसता. तो उघडकीस आला नसता, एवढेच.

ही कसोटी कप्तान ग्रीन यांना लावताना मन थबकते. पूर्वी अनेकदा निभावले, ही भावना त्यांच्याही मनात नसेल असे कोण म्हणेल? अनुभव हा कित्येकदा छाननीची जागा घेऊन बसतो. तरीही दोघांत मोठे अंतर आहे. मालकाला तपासणीस सवड होती, न तपासण्यात त्याचा लाभ होता आणि जीव पणास लागले होते ते दुसऱ्यांचे. कप्तानाला काळोखात, काही क्षणांत ठरवायचे होते आणि पणास लागलेल्या जिवांत त्यांचा स्वतःचाही होता. पहिला अपराध, दुसरी चूक. ज्यूरीने हा विवेक राखला, हे मला न्याय्य वाटते.

मात्र ती तेथेच थांबली नाही. बंदरात जहाजे आणणाऱ्या वाटाड्यांची, म्हणजे पायलटांची, व्यवस्था अत्यंत अपुरी आहे, हे आपले मत सरकारने गांभीर्याने ध्यानात घ्यावे, असे तिने ‘पुन्हा’ नोंदविले. या ‘पुन्हा’ शब्दात सारे आले. इशारा नवा नव्हता. शांतपणे विचार करायला ज्यांना सवड होती, ज्यांच्या हाती अधिकार होता, ते किनाऱ्यावर होते. क्लिफर्डचा जहाजमालक शोधायचाच असेल तर तो तेथे शोधावा लागतो.

यावर कोणी म्हणेल की, दोष असा व्यवस्थेवर टाकला की तो कोणाचाच राहत नाही. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच चौकशीने ‘व्यवस्था’ या मोघम शब्दावर थांबू नये. कोणास ठाऊक होते, कोणास सवड होती आणि कोणाच्या हाती सामर्थ्य होते, हे तीन प्रश्न नेमके विचारले तर दोष विरत नाही. तो आपल्या जागी जातो. मृत कप्तानावर ठपका ठेवणे सर्वांत स्वस्त होते. तो उत्तर देणार नव्हता, आणि त्याच्याबरोबर प्रकरणही मिटले असते. आपल्याकडेही अपघातानंतर हाताखालच्या एखाद्या माणसावर सारे ढकलून दप्तर बंद करण्याची रीत अपरिचित नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘कॅथरीन ॲडमसन’ हे दुसरे जहाज त्याच बंदराच्या मुखाशी फुटले आणि २१ जण गेले. १८५८ साली दक्षिण टोकावर हॉर्नबी दीपगृह उभे राहिले. ‘डनबार’च्या १२१ जणांसाठी ते उशिरा आले, हे उघडच आहे. पण नंतरच्या त्या २१ जणांचे काय, हा प्रश्न दोषी शोधून संतुष्ट होणाऱ्या कोणत्याही समाजाने स्वतःला विचारावा असा आहे.