व्हॅक्यूम पंप घरी ठेवून गेलास?

उभा राहा. काल तारकर्लीच्या होमस्टेमध्ये स्प्लिट एसी बसवून आलास, त्याचा व्हॅक्यूम किती वेळ काढलास? खाली बघू नकोस. "सर, पंप नेलाच नव्हता. थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढली." हे तू मला तोंड वर करून सांगतोस?

हवा गेली रे, पाण्याचं काय? या पावसात मालवणात दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत, आणि उघड्या तोंडाची तांब्याची नळी रात्रभर पडवीत टाकून ती कोरडी आहे असं तू धरून चाललास! ३० अंशांना पाणी उकळायचं तर दाब पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरपर्यंत उतरायला हवा. बाहेर आहे ७६०. पंप त्यासाठीच असतो. आपण त्याच्याही खाली, ५०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जातो. मग पंप तोडून आकडा पुन्हा चढतो का ते बघत थांबतो. मॅनिफोल्डच्या काट्यावर विसंबू नका, पाच मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर यांतला फरक त्याला दाखवताच येत नाही. मायक्रॉन गेज कपाटात शोभेला ठेवलेला नाही. गेल्या आठवड्यात पंपाच्या काचेतलं तेल ताकासारखं पांढरं झालेलं सगळ्यांनी पाहिलंत ना? ते नळीतलं पाणी होतं. तेच पाणी आता तुझ्या गिऱ्हाइकाच्या कंप्रेसरच्या तेलात मुरेल, आम्ल होईल आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन खाईल. खारा वारा आउटडोअरची जाळी कुरतडतो, त्याला तुझा इलाज नाही. नळीच्या आत काय राहतं, ते मात्र पूर्ण तुझ्या हातात होतं.

आणि सोडलास तो गॅस कुठला? आर-३२. पेटणारा! बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गळला तर नाकाला आधी कळतं, माणूस बाहेर पळतो. आर-३२ ला वास नाही. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात शेगडी चालू होती का, एवढं तरी पाहिलंस? शिवाय हवेत गेलेला हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट उष्णता धरतो.

आता हा तुकडा घे, तूच कापलेला. आतल्या कडेवरून नख फिरव. अडकलं? ती धार रीमरने काढायची असते, नळीचं तोंड खाली धरून, म्हणजे कीस आत पडत नाही. तू तशाच कडेवर फ्लेअर मारलास आणि गळेल म्हणून पान्यावर अंगाचा जोर टाकलास. पाव इंची नटाला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात. पितळेचा नट तडकला की दोष कंपनीला देणार!

मागे बसलेल्यांनी हसू नये. नायट्रोजन आणायचा कंटाळा म्हणून वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन लावून गळती तपासू म्हणणारे तुमच्यातच आहेत. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कंप्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो. माणूस मरतो, कळलं?

तू आत्ता त्या काकांना फोन लाव. एसी चालू करू नका, चूक माझी आहे, असं स्पष्ट सांग. उद्या सकाळी रिकव्हरी मशीनने गॅस सिलिंडरमध्ये उतरवायचा, फ्लेअर कापून नवे करायचे, नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं, मग पंप. आउटडोअरच्या पाटीवर लिहिलाय तेवढाच नवा गॅस, वजनकाट्यावर. पैसे काकांकडून घ्यायचे नाहीत. मी सोबत येतो, पण पान्याला हात तूच लावशील.