बोललेला शब्द आणि दिलेले मत

लोकप्रतिनिधी आपल्यामागे दोन साक्षी ठेवून जातो. एक त्याच्या भाषणांची, दुसरी त्याने सभागृहात दिलेल्या मतांची. या दोन्ही साक्षी एकमेकींशी जुळत असतील तर प्रश्नच उरत नाही. पण त्या जुळत नसतील, म्हणजे व्यासपीठावर माणूस एक बोलला आणि मतदानाच्या वेळी त्याने दुसरेच केले, तर त्याची खरी साक्ष कोणती मानावी? 'खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे' एवढे म्हणून आपण बहुधा मोकळे होतो. मात्र ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याचा न्याय करताना इतकी घाई करू नये. शब्द आणि मत यांत अंतर पडले की तेथे ढोंग असलेच पाहिजे काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

शुभवर्तमानातील दुःखसहनाच्या वृत्तान्तात दोन अधिकारी माणसे समोरासमोर उभी आहेत. त्यांच्याकडे या दृष्टीने आपण क्वचितच पाहतो. पहिला पिलात. लूकच्या तेविसाव्या अध्यायात तो एकदा नव्हे, तीनदा जाहीरपणे सांगतो की, या मनुष्याच्या ठायी मला दोष आढळत नाही. त्याचे जाहीर निवेदन निर्दोष आहे. आज ते वर्तमानपत्रात छापून आले असते तर वाचणाऱ्याने त्याला न्यायप्रिय म्हटले असते. निर्णय मात्र त्याने नेमका उलट दिला. दुसरा अरिमथाईकर योसेफ. तो न्यायसभेचा सभासद होता. सभेत तो काय बोलला, याची एका शब्दाचीही नोंद नाही. उलट योहान सांगतो की, यहूद्यांच्या भीतीमुळे तो गुप्तपणे शिष्य होता. परंतु लूकने त्याच्याविषयी एक गोष्ट आवर्जून नोंदली आहे. सभेचा ठराव आणि त्यानुसार घडलेले कृत्य या दोहोंना योसेफाची संमती नव्हती.

भाषांतर करताना या ठिकाणी थोडे थांबावे लागते. मराठीत आपण 'संमती' हा सौम्य शब्द वापरतो. लूकने वापरलेल्या ग्रीक क्रियापदाच्या मुळाशी मात्र 'इतरांबरोबर आपलेही मत खाली ठेवणे' ही कल्पना आहे. जुन्या ग्रीक जगात मतदान खड्यांनी होत असे, आणि खडा व मत या दोहोंसाठी एकच शब्द होता. तोच शब्द प्रेषितांच्या कृत्यांच्या सव्विसाव्या अध्यायात येतो. तेथे पौल अग्रिप्पा राजापुढे सांगतो की, पवित्र जनांचा घात होत असता आपणही त्यांच्याविरुद्ध मत दिले होते. पौलाने तेथे प्रत्यक्ष खडा टाकला होता की ती केवळ बोलण्याची रीत आहे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या प्रश्नापुरते इतके पुरेसे आहे की, पवित्र शास्त्र माणसाच्या भाषणाबरोबर त्याच्या मताचीही नोंद ठेवते. पिलाताचे शब्द त्याला वाचवू शकले नाहीत आणि योसेफाच्या मौनामुळे त्याचे मत पुसले गेले नाही.

आता अलीकडच्या काळातील एका ख्रिस्ती लोकप्रतिनिधीचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील ऑरेगन राज्याचे मार्क हॅटफील्ड (१९२२–२०११) हे श्रद्धावान बॅप्टिस्ट होते. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात अधिकारी होते आणि अणुबॉम्ब पडल्यानंतर थोड्याच आठवड्यांनी त्यांनी हिरोशिमा प्रत्यक्ष पाहिले होते. १९५९ ते १९६७ ते ऑरेगनचे राज्यपाल होते आणि १९६७ पासून १९९७ पर्यंत तीस वर्षे सिनेटचे सदस्य. पक्ष रिपब्लिकन. अमेरिकेचा राज्यपाल आपल्याकडील राज्यपालासारखा नेमलेला नसतो. तो लोकांनी निवडलेला, राज्याचा कारभार चालवणारा प्रमुख असतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

युद्धाविषयी ते जे बोलले आणि त्यांनी जे मत दिले, त्यांत अंतर सापडत नाही. १९६६ साली राज्यपालांच्या परिषदेत व्हिएतनाम युद्धाला पाठिंबा देणारा ठराव आला तेव्हा त्याविरुद्ध मत देणारे ते एकटे होते. त्याच वर्षी ते सिनेटच्या निवडणुकीला उभे होते आणि त्यांचे प्रतिस्पर्धी युद्धाचे समर्थक होते, तरीही त्यांनी आपले मत झाकून ठेवले नाही. १९७० साली जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याबरोबर त्यांनी सैन्य परत बोलावण्याची दुरुस्ती मांडली. ती ५५ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळली गेली. फेब्रुवारी १९७३ मध्ये राष्ट्रीय प्रार्थना न्याहारीच्या प्रसंगी राष्ट्राध्यक्ष निक्सन समोर बसलेले असताना त्यांनी त्या युद्धाला राष्ट्राचे पाप म्हटले. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाला परवानगी देणारा ठराव सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४७ मतांनी संमत झाला, तेव्हा आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांच्या विरोधात मत देणाऱ्या दोन रिपब्लिकनांपैकी ते एक होते. पंचवीस वर्षांच्या अंतराने दिलेली ही मते एकाच माणसाची आहेत, हे सांगावे लागत नाही.

परंतु याच माणसाच्या चरित्रात १९६२ हे वर्षही आहे. हॅटफील्ड देहान्त शिक्षेच्या विरोधात होते आणि हे ते उघड सांगत. असे असूनही त्या वर्षी त्यांच्या राज्यात एका खुन्याला देहान्त शिक्षा झाली. दयेचा अधिकार राज्यपाल म्हणून त्यांच्या हाती होता. त्यांनी तो वापरला नाही. राज्यातील मतदारांनी ही शिक्षा कायद्यात ठेवलेली आहे, ती आपल्या एकट्याच्या मताने मोडणे योग्य नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे १९६४ साली ऑरेगनच्या मतदारांनीच सार्वमताने देहान्त शिक्षा रद्द केली. त्यानंतर लगेच त्यांनी शिक्षेच्या प्रतीक्षेत असलेल्यांची शिक्षा कमी केली.

याला ढोंग म्हणावे काय? मला तसे म्हणवत नाही. ढोंगासाठी फसवणूक लागते, आणि येथे कोणाची फसवणूक झाली नव्हती. आपले मत काय आहे, आपण त्याप्रमाणे का वागत नाही, हे दोन्ही त्यांनी लपवले नाही. शिवाय कायदा करणारा आणि कायदा अमलात आणणारा यांच्या कर्तव्यांत भेद आहे. सिनेटमध्ये दिलेले मत हे सदस्याचे स्वतःचे असते. राज्यपालाची सही ही लोकांच्या कायद्याची सही असते. प्रत्येक अधिकारी स्वतःच्या सदसद्विवेकाप्रमाणे कायदा वाकवू लागला तर सदसद्विवेक नसलेल्या अधिकाऱ्यालाही तीच मोकळीक मिळेल.

हे सर्व मान्य करूनही मन स्वस्थ होत नाही. कारण दयेचा अधिकार हा कायद्याबाहेरचा नव्हता, कायद्यानेच त्यांच्या हाती दिलेला होता. तो वापरणे म्हणजे कायदा मोडणे नव्हते. पिलाताची आणि त्यांची तुलना पूर्ण होत नाही, कारण पिलातापुढचा बंदिवान निर्दोष होता आणि पिलाताला ते ठाऊक होते. तरीही लोकांची इच्छा पुढे करून अधिकाराचा हात मागे घेणे, एवढे साम्य उरतेच. लोकांनी आपले मत बदलेपर्यंत दोन वर्षे गेली. शिक्षा झालेल्या माणसाला ती दोन वर्षे मिळाली नाहीत. माझा निष्कर्ष इतकाच की, प्रामाणिक माणसाचाही निर्णय चुकू शकतो आणि त्याचा प्रामाणिकपणा त्या चुकीचे मोल भरून देत नाही.

मतांची नोंद स्वतःदेखील नेहमी सरळ बोलत नाही. मार्च १९९५ मध्ये अंदाजपत्रक संतुलित ठेवण्याची सक्ती करणारी घटनादुरुस्ती सिनेटमध्ये आवश्यक दोनतृतीयांश बहुमताअभावी थोडक्यात फेटाळली गेली. रिपब्लिकन सदस्यांपैकी दोघांची नावे विरोधात नोंदली आहेत. एक हॅटफील्ड यांचे, दुसरे पक्षनेते बॉब डोल यांचे. पण डोल तर दुरुस्तीचे पुरस्कर्ते होते. ती पुन्हा मतास आणता यावी, एवढ्यासाठी त्यांनी नियमानुसार शेवटी बाजू बदलली होती. कागदावर दोघांचे मत एकच, अर्थ अगदी विरुद्ध. हॅटफील्ड यांनी मतदानापूर्वी पक्षनेत्यांपुढे सदस्यत्वाचा राजीनामा देण्याची तयारी दाखवली. ती स्वीकारली गेली नाही. पुढे त्यांचे समितीचे अध्यक्षपद काढून घ्यावे, अशी मागणी पक्षातूनच झाली. आणि ज्यांची मते इतकी स्वच्छ, त्यांनाच १९९२ साली भेटवस्तूंची माहिती जाहीर न केल्याबद्दल सिनेटच्या आचारसंहिता समितीने ठपका दिला होता. मतांची नोंद म्हणजे संपूर्ण माणूस नव्हे, हेही यावरून शिकावे.

आपल्या देशाकडे वळलो की प्रश्न आणखी अवघड होतो. आपल्या सभागृहांत बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. 'होय'चा आवाज मोठा की 'नाही'चा, एवढे ठरवून अध्यक्ष निर्णय देतात; कोणी मतविभागणी मागितली तरच कोणत्या सदस्याने काय मत दिले हे कळते. भाषणे छापली जातात, मते हवेत विरतात. शिवाय १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचा कायदा आला. पक्षादेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानापासून दूर राहिले, आणि पंधरा दिवसांत पक्षाने ते क्षमापित केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने किहोटो होलोहान खटल्यात हा कायदा मुख्यतः वैध ठरवला. मात्र असा आदेश सरकारवरील विश्वास आणि पक्षाच्या महत्त्वाच्या धोरणांपुरता मर्यादित असावा, असे मतही व्यक्त केले. व्यवहारात ही मर्यादा फारशी पाळली जात नाही. खुर्च्यांसाठी होणारा मतांचा बाजार थांबवण्याकरिता आलेल्या कायद्याने प्रामाणिक सदस्याच्या सदसद्विवेकालाही दावे बांधले.

अशा स्थितीत आपल्या प्रतिनिधीने पक्षादेशानुसार, स्वतःच्या भाषणाविरुद्ध मत दिले तर त्याला दोषी धरावे काय? मत देण्याच्या क्षणी त्याचे हात बांधलेले असतील. पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे दिवस त्याचेच असतात. पक्षाच्या बैठकीत त्याने विरोध नोंदवला काय? मतविभागणी मागण्याचे धैर्य दाखवले काय? मतदारसंघात परतल्यावर 'मी असे मत दिले, ते या कारणासाठी दिले' असे सांगितले काय? आणि गोष्ट जिवाभावाची असेल तर किंमत मोजली काय? १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने फेटाळला गेला. त्या दिवशी सैफुद्दीन सोझ यांनी आपल्या पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले आणि पक्षाने त्यांना काढून टाकले. ते मत राजकीय दृष्ट्या योग्य की अयोग्य, यावर दुमत असू शकेल. पण कायदा असतानाही मत देणारा हात माणसाचाच राहतो, हे त्यावरून दिसते.

ख्रिस्ती समाज म्हणून आपणही येथे कमी पडतो. नाताळच्या कार्यक्रमाला किंवा मंडळीच्या वर्धापनदिनाला येणाऱ्या आमदार-खासदारांना आपण हार घालतो, त्यांची आश्वासने टाळ्या वाजवून ऐकतो आणि पाच वर्षांनी तीच आश्वासने पुन्हा ऐकतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती बांधव त्याबाहेरच राहिले. त्यांच्या बाजूने बोलणारे पुढारी सर्व पक्षांत भेटतात. त्यांच्यापैकी किती जणांनी सभागृहात प्रश्न विचारला, विधेयक मांडले, चर्चा मागितली, हे आपण कधी पाहिले आहे काय? ज्याला हिशेब विचारला जात नाही त्याला शब्द स्वस्त पडतो, आणि हिशेब न विचारणारे आपणही त्या स्वस्ताईत भागीदार असतो.

आणि हा प्रश्न विधानभवनापाशी थांबत नाही. पास्टरेट कमिटीत, ट्रस्टच्या सभेत, सिनडच्या बैठकीत आपण हात वर करतो. आत एका बाजूने हात वर करून बाहेर 'मी तर विरोधातच होतो' असे सांगणारे आपल्यात नाहीत काय? अन्याय्य ठरावाच्या वेळी मुद्दाम सभेला गैरहजर राहून नंतर हात धुणारे? दोन मुलांच्या दाखल्यात प्रभूने विचारले ते एवढेच, की दोघांपैकी बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केले? पहिल्याचा नकार उद्धट होता, दुसऱ्याचा होकार आदबशीर होता. प्रभूने आदब मोजली नाही.

तरीही आपला न्याय करुणेवाचून नसावा. पौलाच्या मताने माणसे मारली गेली होती, आणि ती गोष्ट कोणी त्याच्याकडून उकरून काढली नाही; राजापुढे त्याने ती आपल्या तोंडाने सांगितली. लोकप्रतिनिधीकडून निष्कलंक नोंदीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे, कारण तशी नोंद आपल्यापैकी कोणाचीच नाही. पण आपण कोणत्या बाजूला मत दिले हे त्याने न लपवता सांगावे, आणि चुकले असेल तर चुकले म्हणावे, एवढे त्याच्याकडे मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. मात्र ते मागण्यापूर्वी आपल्या मंडळीच्या पुढच्या सभेत आपण स्वतः तसे वागण्याची तयारी ठेवावी.